दिवेलागणीनंतरचं विरजण

काजू पिकायला लागले की आमच्या डिचोलीत आधी वास येतो आणि काजू मागाहून. बाजारात बोंडवांच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, पाट्या उतरायच्या आधीच, दुपारी दोनच्या सुमाराला, स्वयंपाकघराचं जनेल उघडं असलं तर तो वास सरळ आत येतो. गोड, तुरट, थोडासा नाकात शिरणारा. नोकरीत होते तेव्हा या दिवसांत माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असायचे आणि वास आला की मी जनेल लावून घ्यायचे, कारण त्या वासात मुलांना मार्क जास्त पडायचे. आता निवृत्त झाल्यापासून जनेल उघडं असतं. दुपार माझी असते.

यंदा वास आला तेव्हा मी मेजावर पिठाचे हात पसरून तशीच बसून राहिले. ओव्हनमध्ये वड्यांचा ट्रे होता. आतल्या खोलीत माझी लेक मुक्ता बॅग भरत होती. संध्याकाळी तिला मोपाच्या विमानतळावर जायचं होतं, तिथून पुढं लिस्बनला. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात एक काचेची बरणी होती. त्या बरणीबद्दल मुक्ताला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती इथं राहिली त्या पंधरा दिवसांत माझी हिंमत झाली नव्हती. आता हातात फक्त एक दुपार उरली होती.

ओव्हन हळूहळू तापत होता. गूळ वितळल्याचा वास बोंडवांच्या वासात मिसळला आणि मी दोन वर्षांमागच्या हंगामात जाऊन बसले. वय झालं की माणसाला हे फार सोपं जातं. उठावंसुद्धा लागत नाही.

त्या वर्षी मुक्ता शिगम्याच्या दिवसांत बेंगळुरूहून आली. एक बॅग, आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली एक बरणी. रात्रभराच्या प्रवासात तिनं बॅग खाली ठेवली होती, बरणी नाही. "दोन आठवड्यांसाठी आलेय," ती म्हणाली. जावई बरोबर नव्हते. मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. मी विचारलं ते फक्त बरणीबद्दल.

"ह्यात काय गो?"

"आंबवण. मैदा आणि पाणी, एवढंच. ह्यानं पाव फुगतो. रोज खायला घालावं लागतं त्याला."

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. किण्वन शिकवताना फळ्यावर यीस्टची आकृती काढायचे, बटाट्यासारखी, एका अंगाला कोंब फुटलेली. भागांना नावं द्या म्हटलं की मुलं नावं द्यायची आणि तास संपायचा. जिवंत यीस्टला सकाळी उठून खायला घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी झाकण उघडून वास घेतला. आंबट, पण वाईट नाही.

"हे म्हणजे आपलं विरजणच की."

"विरजणच," मुक्ता म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडावर थोडं हसू दिसलं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या बरणीला विरजण म्हणायला लागलो. हाच शब्द पुढं माझ्या अंगाशी येणार होता.

मी तिला म्हटलं, यात नवीन काही नाही, आमच्या लहानपणी माहेरी पार्सेला पाववाला पोदेर माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पाव फुगवायचा. सकाळी त्याचा भोंगा वाजला की आम्ही पोरं गरम उंडे घ्यायला धावायचो आणि ते फोडल्यावर आत सुरेचा पुसटसा वास यायचा. मुक्ता ऐकत होती की नव्हती कोण जाणे. ती चमच्यानं बरणीतलं अर्धं पीठ बाहेर काढत होती. रोज असं अर्धं बाहेर काढायचं, आणि उरलेल्याला नवा मैदा आणि पाणी द्यायचं, अशी त्याची रीत.

"आणि काढलेलं?"

"लोक टाकतात."

"अन्न टाकतात?" मी असा आवाज काढला की बाहेर पेपर वाचणारे तिचे बाबा दचकले. त्या काढलेल्या अर्ध्याचं काय करायचं, या एका प्रश्नावर आमचा अख्खा हंगाम गेला. दुसरे प्रश्न होते, पण ते आम्ही त्या पिठाखाली झाकून ठेवले.

मुक्तानं त्याच्या वड्या केल्या. ओट्स, जाड फोव म्हणजे पोहे, तीळ, खोबऱ्याचे पातळ काप, सुकेळ्यांचे तुकडे आणि काजू. माडाचा काळा गूळ थोड्या खोबरेल तेलात पातळ करायचा, त्यात ते आंबट पीठ घालून सगळं कालवायचं, ट्रेमध्ये वाटीच्या बुडानं दाबून बसवायचं आणि मंद आचेवर भाजायचं. आंबट पिठानं त्याला घट्टपणा येतो आणि गुळाचा गोडवा जरा शहाण्यासारखा वागतो. अडचण एकच. बाहेर काढल्यावर कोमट होईपर्यंत थांबायचं. गरम असताना सुरी लावली की सगळा भुगा. थांबणं हा माझा गुण नव्हे, त्यामुळे पहिला आठवडा आम्ही भुगाच खाल्ला, दुधात घालून.

मी त्यांना वड्या म्हणायचे. मुक्ता म्हणायची, "वड्या नाही आई, बार. ग्रॅनोला बार."

"ग्रॅनोला म्हणजे खंयच्या गावची?" हे बाहेरून विचारायचे. आमचे हे मूळचे सावंतवाडीकडचे. खाणीवर खनिजाच्या ट्रकांच्या फेऱ्या लावण्यात त्यांचा जन्म गेला. खाणी थांबल्या, ट्रक दारादारांत गंजत उभे राहिले, आणि ह्यांना एकदम खूप वेळ मिळाला. तो वेळ ते मुख्यतः विनोद करण्यात घालवतात. त्यांनीच पार्सेला फोनवर सांगितलं की आमच्या मुक्तानं घरात बार काढलाय.

आता गोव्यात हा शब्द किती जपून वापरायला हवा हे मी सांगायला नको. इथं दर दहा पावलांवर एक बार आहे. त्यात दिवस काजूचे, माहेरच्या पेडणे तालुक्यात घरोघरी हुर्राकाच्या, काजूच्या ताज्या दारूच्या, बाटल्या भरलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वहिनी, म्हणजे मुक्ताची मामी, दोन बस बदलून दारात उभी राहिली.

"काय गो सुमन, तुज्या चेडवान घरात बार काढल्यान म्हणतत, ता खरा काय? मास्तरणीच्या घरात बार? लोक काय म्हणतले?"

मी तिला आत नेलं, मेजाशी बसवलं आणि पुढ्यात बशीभर बार ठेवले. ती बघत राहिली. मग तिची नजर बरणीवर गेली. आदल्या दिवशी मुक्ता पीठ घालायला विसरली होती, त्यामुळे वर काळपट पाणी सुटलं होतं. उपाशी राहिलं की सुटतं तसं. मामीनं झाकण उघडून वास घेतला आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं.

"हेका तर हुर्राकाचो वास येता! आणि तू माका शिकयतंस?"

खरं म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीनं मामी बरोबर होती, पण ते मी तिला सांगितलं नाही. मुक्ता मात्र इतकी हसली की खुर्चीवरून घसरून खाली बसली. खाली बसल्यावर ती रडत होती. मामीनं तिचं डोकं पोटाशी धरलं आणि काही न विचारता दुसऱ्या हातानं एक बार उचलून खाल्ला. "बरो लागता," ती म्हणाली. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. माझ्या जवळ येऊन रडायला तिला जागा मिळाली नव्हती, हे मला तेव्हा कळलं आणि फार लागलं.

त्या एप्रिलातल्या दुपारी मला एकेक अशा आठवत नाहीत. सगळ्या मिळून एकच लांब दुपार आठवते. पंख्याची घरघर, ओव्हनचा पिवळा दिवा, मेजावर ऊन सरकत जाणारं, आणि मुक्ता बरणीवर रबर लावून पीठ किती चढलं ते पाहत बसलेली. आम्ही दोघी फक्त पिठाविषयी बोलायचो. आज लवकर चढलं. आज सुस्त आहे. उकाड्यानं असेल. नाराज असेल. कधीकधी मला शंका यायची की आपण नक्की कुणाबद्दल बोलतोय.

रविवारी पार्सेला जायचो. भावाची काजूची बाग टेकडीच्या उतारावर आहे. खाली पिवळे-लाल बोंडू पडलेले, त्यांच्यावर माशा घोंगावताहेत, लांबून कुणाच्या तरी भट्टीचा धूर. झाडांच्या सावलीत सगळं जरा धूसर दिसतं, आणि त्या वासात दोन तास काढले की माणूस न पिताच जरा तरंगायला लागतो. मुक्ता बरणीसुद्धा बरोबर न्यायची, जेवणाची वेळ चुकू नये म्हणून. एका रविवारी ती बरणी बंद गाडीत विसरली. परत येताना मुक्ता बरणी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसली. मला वाटलं, तिकडून फोन आला असेल.

बोंडवाची बी काढायची म्हणजे ओढायची नसते, पिळायची असते. एका हातात बोंडू, दुसऱ्या हातात बी, आणि हलका पीळ. बी मोकळी होते आणि बोंडू फाटत नाही. हे मी मुक्ताला शिकवत होते. आमच्या दोघींच्या मध्ये पाटी होती. मामी लांब होती. मुक्तानं बी पाटीत टाकली आणि मान वर न करता म्हणाली, "आई, मी आता परत जाणार नाही."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच. पण आतून मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटावी. लेकीचा संसार मोडलाय आणि मी मनातल्या मनात तिच्या खोलीला रंग देतेय. तिला म्हणायचं होतं की बेंगळुरूला, त्या घरात, परत जाणार नाही. मी ऐकलं की ती आता इथंच राहणार. मी तीस वर्षं मुलांना सांगितलं, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी स्वतः प्रश्न न वाचताच उत्तर लिहून मोकळी झाले होते.

जूनच्या तोंडावर तिनं सांगितलं. लिस्बनमध्ये तिच्या एका मैत्रिणीची बेकरी आहे, तिथं काम आहे, कागद आले आहेत. मी पुन्हा "बरं" म्हटलं. हे म्हणाले, "पोदेरांच्या देशात पोदेर जातली," आणि उठून बाहेर गेले. काजू संपले होते. बाजारात फणस आले होते.

आता ती संध्याकाळ. ती सांगायला हवी.

गाडी दारात होती, सामान चढलं होतं. मी देवापुढं दिवा लावून तुळशीकडे दिवा नेऊन आले होते. मुक्ता स्वयंपाकघरात आली. तिच्या हातात जॅमची एक छोटी रिकामी बाटली होती, धुऊन पुसून कोरडी केलेली.

"आई, ह्यात थोडं विरजण दे ना. दोनच चमचे."

मी काय म्हणाले ते मला अक्षरशः आठवतं. मी म्हणाले, "दिवे लागले. आता विरजण घराबाहेर जात नाही."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. वाटणारच. दिवेलागणीनंतर दूध, दही, विरजण कुणाला देऊ नये, घरातली लक्ष्मी जाते, हे आमच्या सासूबाई पाळायच्या, आणि मी नवी नवरी असताना शेजारणीला मुद्दाम तिन्हीसांजेला मागच्या दारानं विरजण द्यायची. पकडली गेले तेव्हा सासूबाईंना मी चक्क सांगितलं होतं, जिवाणूंना घड्याळ कळत नाही. ही गोष्ट मी मुक्ताला शंभर वेळा रंगवून सांगितलेली. माझ्या शौर्याची गोष्ट म्हणून.

"जिवाणूंना घड्याळ कळत नाही," मुक्ता हसत म्हणाली.

"घराला कळतं," मी म्हटलं.

तिचं हसू गेलं. मला तेव्हाही पुरतं ठाऊक होतं की मी काय करतेय. मला लक्ष्मीचं काही पडलेलं नव्हतं. मला वाटलं, हे घेऊन गेली की तिला इथं परत यायला काही कारणच उरणार नाही. एक तरी गोष्ट तिची माझ्याकडे अडकून राहू दे. हे सरळ म्हणता आलं नाही म्हणून मी सासूबाईंना मध्ये घातलं, तेही त्या जाऊन इतक्या वर्षांनी. मुक्तानं रिकामी बाटली मेजावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी ओट्याशीच उभी होते.

मग मी त्या बरणीला रोज जेवण घातलं. सकाळी चहाच्या आधी. पाऊसभर, चतुर्थीत, दिवाळीत. काढलेल्या अर्ध्याच्या वड्या करायचे, त्या कोमट होईपर्यंत थांबायलाही शिकले. एकदा हे शांतपणे म्हणाले, "पोरीक उपाशी धाडलंस आणि पिठाक जेवण घालतंस." हा विनोद नव्हता. मी त्यांच्यापुढं वडीची बशी आपटून ठेवली आणि न्हाणीत जाऊन रडले.

दर रविवारी मुक्ताचा फोन यायचा. सगळं बरं आहे. थंडी आहे. तुम्ही औषधं घेता ना? तिनं बरणीबद्दल कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. आमच्यामध्ये सात समुद्र होते, पण अडचण त्यांची नव्हती, त्या दोन चमच्यांची होती.

गेल्या श्रावणात मामी डोळे दाखवायला डिचोलीला आली आणि दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात जाऊन आले तर घरात तव्याचा वास. मामी ओट्याशी उभी, ताटलीत आंबोळ्यांची चळत.

"फ्रिजात पीठ आंबान वर इल्ला. म्हटलां वाया जायत, घातलंय आंबोळ्यो. तव्याक चिकाटले मेले, पण चव बरी लागता. बस तू, खा."

मी बरणीकडे पाहिलं. ती पालथी घालून ठेवली होती. स्वच्छ, चकचकीत. मामीनं ती काथ्यानं घासली होती, साबण लावून, अगदी कडांपर्यंत. मी बसले. मामीनं वाढलेली आंबोळी चटणीशी खाल्ली. ती खरंच बरी लागत होती, आणि खाताना मी त्या पालथ्या बरणीकडे बघत होते. मामीला मी काही बोलले नाही. फ्रिजमध्ये पांढरं आंबलेलं पीठ दिसल्यावर पेडण्याच्या बाईनं दुसरं काय करावं?

ती गेल्यावर मी जे केलं ते कुठल्याही विज्ञानाच्या पुस्तकात बसत नाही. मी बरणीत मैदा आणि पाणी घेतलं आणि माझ्या स्वतःच्या आंबोळीच्या पिठातले, तांदूळ-उडदाचे, दोन चमचे त्यात घातले. चोरून. घरात कुणी नसताना. चार दिवस बरणीपुढं बसून राहिले. पाचव्या दिवशी बुडबुडे आले, आठवड्यानं पीठ रबराच्या वर चढलं. दिसायला तसंच. पण मला ठाऊक होतं की हे ते नाही.

आणि त्याच रविवारी, जाऊन सव्वा वर्ष झाल्यावर, मुक्तानं फोनवर विचारलं, "आई, ते विरजण आहे?"

"आहे तर," मी म्हटलं. "रोज जेवतं."

मग ती म्हणाली, "काजूंच्या वेळी येईन म्हणते."

त्या एका खोट्यावर ती आली. पंधरा दिवसांमागे घरात पाऊल टाकलं, हातपाय धुतले आणि आधी फ्रिज उघडला. बरणीचं झाकण काढून डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, "तोच वास." मी काय करावं? मी चहा ठेवला. पुढचे पंधरा दिवस तिनं त्या पिठाचे पाव केले, वड्या केल्या, एक डबा पार्सेला नेऊन मामीला दिला. रोज सकाळी मी म्हणायचे, आज सांगते. रोज ती बरणीत चमचा घालून मला म्हणायची, बघ कसं चढलंय, आणि मी म्हणायचे, हो गो, छान चढलंय.

ओव्हनची घंटा वाजली आणि मी या दुपारी परत आले. मुक्ता आतून आली, ट्रे बाहेर काढला, ओट्यावर ठेवला. मी सवयीनं सुरी घेतली. तिनं माझं मनगट धरलं. "कोमट होऊ दे."

मनगट धरलेलंच होतं, म्हणून असेल, मी बोलून टाकलं. मामी, आंबोळ्या, काथ्या, साबण. आणि मग ते दोन चमचे. "तुझं विरजण गेलं गो बाय. मी ते जपलं नाही. हे माझ्या आंबोळीचं पीठ आहे. मी तुला फसवलं. दोनदा फसवलं. त्या संध्याकाळीसुद्धा मी तुला दिव्याचं म्हणून सांगितलं ते खोटं होतं. मला तुला जाऊ द्यायचं नव्हतं."

मुक्तानं माझं मनगट सोडलं. तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, आता रडेल, किंवा उठून बॅग उचलेल. ती हसायला लागली. मामीनं बरणीत हुर्राक शोधलं होतं तेव्हा हसली होती तशी, पोट धरून, खुर्चीवरून घसरत खाली.

"दोन चमचे?" तिनं विचारलं. "तांदूळ-उडदाचं?"

"हो."

"आई, मीपण तेच केलेलं."

मला कळेना. तिनं डोळे पुसत सांगितलं. तो पार्सेचा रविवार. बरणी बंद गाडीत राहिली, त्या उकाड्यात पीठ शिजून मेलं. बेंगळुरूचं, तिकडच्या घरातलं ते विरजण तिथंच संपलं. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले असताना तिनं बरणी धुतली आणि फ्रिजमधल्या माझ्या आंबोळीच्या पिठातले दोन चमचे उचलले. चोरून. घरात कुणी नसताना.

"म्हणजे मामी..." मी म्हटलं.

"मामी चुकलीच नाही. आंबोळीचंच पीठ होतं ते."

आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो. ओट्यावर वड्या निवत होत्या. मला त्या संध्याकाळची ती रिकामी बाटली आठवली, धुतलेली, कोरडी केलेली, आणि तेव्हा ती माझ्याकडे काय मागत होती ते मला पहिल्यांदा कळलं.

"तू मला सांगितलं का नाहीस? तेव्हाच?"

मुक्ता माझ्याशी मराठीत बोलते, मास्तरणीच्या घरची शिस्त म्हणून. आतलं काही असलं की मात्र तिची जीभ कोकणीवर येते. "माका तुजें कितें तरी व्हरपाचें आशिल्लें, आई," ती म्हणाली. मला तुझं काहीतरी न्यायचं होतं. आणि मी माझंच तिला दिलं नव्हतं. घराला कळतं म्हणाले होते मी. घराला काहीच कळलं नव्हतं.

वड्या कोमट झाल्या. कापल्या. एकही तुटली नाही. तिनं अर्ध्या डब्यात भरल्या, अर्ध्या बाबांसाठी ठेवल्या. ऊन मेजावरून उतरून जमिनीवर आलं, मग उंबऱ्यावर, मग गेलं. बोंडवांचा वास तेवढा राहिला.

सामान गाडीत चढलं. ह्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. मुक्तानं चपला घातल्या आणि वळून माझ्याकडे पाहिलं. तिनं मागितलं नाही. एकदा मागून झालं होतं.

"थांब जरा," मी म्हटलं.

"उशीर होईल गो."

"होऊ दे."

मी हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला, तुळशीकडे दिवा नेला. घाई केली नाही. शेजारच्या घरातही दिवा लागलेला दिसेपर्यंत अंगणात उभी राहिले. मग आत येऊन मेजाच्या खणातून जॅमची ती छोटी बाटली काढली. दोन वर्षं ती तिथंच होती, धुतलेली, कोरडी. फ्रिजमधून बरणी घेतली, दोन चमचे मोजून घातले, वर अजून एक घातला, झाकण लावलं आणि दारात जाऊन बाटली तिच्यापुढं धरली.

मुक्ता घेईना. तिच्या नजरेत तुळशीचा दिवा दिसत होता.

"आई, दिवे लागले मगे."

"म्हणूनच थांबले होते," मी म्हटलं. "धर."